जाऊबाई, उन्हाळा आणि अंतरपाट

सोलापुरात उन्हाळा सोसणारी माणसं लाखांनी असतील, पण उन्हाळा मनापासून उपभोगणारी बाई अख्ख्या शहरात एकच आहे आणि ती म्हणजे माझी थोरली जाऊ. होळी जवळ आली की आमची शुक्रवार पेठ अंग चोरायला लागते. कुणी कूलरमधलं जुनं गवत बदलतं, कुणी नवा माठ आणतं, कुणी नुसतंच "यंदा लई कडक जाणार बघा" म्हणत गल्लीच्या तोंडाशी उभं राहतं. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवसांत माहेरी निघालेल्या पोरीसारखं तेज चढतं. होळीला नैवेद्य दाखवून झाला की त्या गल्लीतल्या बायकांचा रीतसर निरोप घेतात. "बरंय, येते मी. मृगाला भेटू," असं म्हणतात. बायका त्यांना हळदीकुंकू लावतात, एकदोघी तर पायाही पडतात, आणि काशीला निघाल्याच्या थाटात जाऊबाई स्वतःच्याच घराचा उंबरा ओलांडून आत जातात. मग मृग लागेपर्यंत त्यांचं पाऊल काही बाहेर पडत नाही. गुढीसुद्धा त्या खिडकीतून उभारतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त काठी धरलेले दोन हात दिसतात आणि आतून "अहो, कुणीतरी सांगा की, सरळ हाय का?" एवढं ऐकू येतं.

याला कारण आहे, आणि ते त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. फार वर्षांपूर्वी माळशिरसला एका नात्यातल्या लग्नात, भर वैशाखात, जाऊबाईंना ऊन लागलं. अक्षता पडायच्या वेळेलाच त्या धाडकन खाली आल्या. झालं! अख्खा मांडव त्यांच्याभोवती गोळा झाला. वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईने एकेक कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला, कुणी उपरण्याने वारा घातला, वाजंत्रीवाले वाजवायचं सोडून बघायला आले. शुद्धीवर आल्यावर जाऊबाईंना काय दिसलं, तर सगळे त्यांच्याकडे बघताहेत आणि तिकडे बोहल्यावर नवरा-नवरी दोघंच हार हातात घेऊन उभी आहेत. "माझ्यापायी त्या पोरीकडं कुणी बघंना झालं गं," एवढं त्या मला एकदाच म्हणाल्या आणि लगेच विषय बदलला. तेव्हापासून उन्हाळा म्हणजे दार बंद.

आमचं घर दुमजली. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. स्लॅबचं ऊन आम्ही सोसायचं आणि खालचा गारवा त्यांनी घ्यायचा, ही वाटणी माझ्या लग्नाआधीच होऊन गेली होती. मी शाळेत शिक्षिका. शाळा सुटून भर दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळून लालेलाल होऊन घरी यायचे, तर खिडकीच्या फटीतून आवाज यायचा, "आली बाई तव्यावरची भाकरी!" आणि पाठोपाठ दार बोटभर उघडून आंबिलीचं भांडं बाहेर यायचं. रागही यायचा आणि आंबीलही गोड लागायची. रागाने आंबील परत करण्याइतकी मी काही खुळी नाही.

आता ही बाई उन्हाळाभर घरात करते काय, तर क्रोशा विणते. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, मिलच्या ऑफिसात होते. मिल बंद पडली तेव्हा तिथल्या दुकानाने उरलासुरला माल काढून टाकला, त्यातला दोरा भाऊजींनी पोतंभर विकत आणला. सगळा एकाच रंगाचा. त्या रंगाला पांढरा म्हटलेलं जाऊबाईंना चालत नाही. "पांढरा? मोतिया हाय तो. डोळे तपासून घे जा," असं मी माझ्याच लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात ऐकून घेतलंय. ते पोतं माळ्यावर गेलं आणि ते कधी संपेल हा विचार मनाला न शिवता जाऊबाई विणत सुटल्या. टीव्हीला झालर, फ्रिजला टोपी, मिक्सरला झबलं, माठाला जाळीचं झाकण, उशांना अभ्रे, गणपतीच्या फोटोला तर आहेच, पण कॅलेंडरलाही. घरात एखादी वस्तू दोन दिवस एका जागी राहिली की जाऊबाई तिचं माप घेऊन मोकळ्या. दारावरच्या बेलला असं काही कव्हर आहे की बेल कुठाय हे नव्या माणसाला कळतच नाही, तो बिचारा कडी वाजवतो. आणि रिमोटला गळाबंद स्वेटर! बटणं दिसत नाहीत, चाचपडून दाबायची. भाऊजी बातम्या लावायला जातात आणि कीर्तन लागतं, आणि भांडण नको म्हणून भाऊजी तेच बघत बसतात. गल्लीत भाऊजींची मोठे धार्मिक म्हणून ख्याती आहे, ती सगळी या रिमोटमुळे.

एकदा सिलिंडरवाला आला. भरलेला सिलिंडर खांद्यावरून उतरवला आणि रिकामा शोधायला लागला. ओट्याखाली पाहिलं, दाराआड पाहिलं, सापडेना. शेवटी कोपऱ्यात बोट दाखवून दबक्या आवाजात मला म्हणाला, "वहिनी, ही कोण बसलीय?" झालरीचा घेरदार झगा आणि वर नॉबला बसणारी टोपी घालून आमचा सिलिंडर लग्नाला निघाल्यासारखा बसला होता. त्या माणसाने घाईत तो झग्यासकट नेला. जाऊबाईंना हे कळल्यावर घरात असा काही आकांत झाला की विचारू नका. भाऊजींना भर उन्हात गोडाऊनला पिटाळलं. तिथे दोनचारशे सिलिंडरांमध्ये एकच झगा घातलेला होता, म्हणून तो लगेच सापडला, पण तिथल्या पोरांनी त्याला हार घातला होता असं भाऊजी सांगतात. भाऊजी बोलत फारसे नाहीत, पण जे सांगतात ते खरं असतं.

उन्हाळ्यातली बाहेरची सगळी कामं भाऊजींकडे. त्यांच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून जाऊबाईंनी त्यांना क्रोशाची टोपी विणली, छत्रीएवढ्या कडेची, सगळीकडे कमळांची नक्षी. नक्षी म्हटली की भोकं आली, आणि सोलापूरचं ऊन कुणाची भीडभाड ठेवत नाही. महिनाभर दळण, भाजी, दूध करून भाऊजींनी एके संध्याकाळी टोपी काढली, तर टकलावर एक ठसठशीत कमळ उमटलेलं! आठही पाकळ्या स्पष्ट. आम्ही पोट धरधरून हसलो. जाऊबाईंनी चष्मा लावून कमळ निरखलं आणि म्हणाल्या, "बघा, माझा खांब किती सारखा पडतो ते." क्रोशात दोऱ्याची साखळी घालतात आणि तिच्यावर खांब उभे करतात, त्या खांबांचा त्यांना भारी अभिमान. दसऱ्यापर्यंत ते कमळ डोक्यावर होतं. देवळात एका आजोबांनी भाऊजींना ओणवं करून त्याला नमस्कार केला.

विणताना खांब मोजावे लागतात, आणि जाऊबाई ते मोठ्याने मोजतात. मध्ये कुणी बोललं तरी त्यांचं मोजणं चुकत नाही. "बस की गं, सतरा, चहा टाक, अठरा, साखर कमी, एकोणीस," असं त्यांचं बोलणं चालतं. एकदा घरोघर फिरून माहिती लिहून घेणारी एक मुलगी आली. "काकू, घरात माणसं किती?" "बासष्ट," जाऊबाई म्हणाल्या. मुलीने मान वर करून त्या दोन खोल्यांकडे पाहिलं. "आणि लहान मुलं?" "त्रेसष्ट." ती पोरगी लिहून घेऊन निघालीसुद्धा होती, मी जिन्यात अडवली म्हणून बरं. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर फुटला त्या दुपारीही सगळी माणसं ओरडत रस्त्यावर आली, आणि आतून शांतपणे "एकशे चार, एकशे पाच" चाललेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

विणून बोटं दुखली की त्यांचे दुसरे खेळ सुरू होतात. एकटीच सापशिडी खेळतात, उजवा हात विरुद्ध डावा हात, आणि डाव्याने हरायची चोरी. तो हरला की त्या दिवशी जेवताना त्याची समजूत घालावी लागते. खिडकीच्या फटीला कान लावून चपलांच्या आवाजावरून कोण चाललंय ते ओळखतात, आणि ओळखून गप्प बसतील तर त्या जाऊबाई कसल्या. "अहो वकीलसाहेब, टोपी घाला की! डोकं चालायला पायजे तुमचं!" असं भिंतीतून ऐकू आलं की वकीलसाहेब दचकतात. ऐन दुपारी मोबाईलवर बर्फाचे व्हिडिओ लावतात, आणि थंडी वाजते म्हणून शाल घेतात. बाहेर डांबर वितळतंय, वर मी ओला पंचा डोक्यावर घेऊन पेपर तपासतेय, आणि खाली ही बाई शाल पांघरून "अहो, कोपऱ्यातली खिडकी लावा, वारं बोचायलंय" म्हणतेय. याला काय म्हणावं!

आमच्या मनूचं बालपण या सगळ्यात गेलं. मनू माझी लेक, पण मी शाळेत आणि ती जाऊबाईंच्या मांडीवर. त्यांना स्वतःचं मूल नाही, आणि मनूच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मला ती आई म्हणते, त्यांना मोठी आई, आणि लाड मागायचा असला की मोठी आईच पहिली. तिला अंक शाळेत जायच्या आधी आले, खांबांवर. कमळाच्या ओळीत तेरा खांब झाले की विणकाम वळवून पुढची ओळ धरायची, हे तिला पाठ. शाळेत बाईंनी बारानंतर काय विचारलं तर ही म्हणाली, "तेरा, आणि मग वळायचं."

तर या मनूचं लग्न ठरलं. मुलगा अकलूजचा, साखर कारखान्यात इंजिनियर, स्वभावाने गरीब. मुलाकडचा गोतावळा मोठा, म्हणून लग्न त्यांनी तिकडेच, लॉनवर घ्यायचं ठरवलं. मुहूर्त निघाला भर मे महिन्यातला, दुपारचा. तारीख ऐकली आणि आमच्या घरातल्या सगळ्यांनी एकदम खाली मान घातली. मनू तशीच उठून खाली गेली. मी मागे जिन्यात उभी. "मोठी आई, तू येणार ना?" जाऊबाईंची सुई थांबली नाही, पण मोजणं थांबलं होतं.

"न्हाई गं बाळा. तितं जाऊन मी पडले म्हंजे? सगळा मांडव माझ्याकडं बघत बसंल आणि तू राहशील हार धरून. तुझ्या लग्नात तुझ्याकडंच बघितलं पायजे सगळ्यांनी."

"तू नसशील तर मी उभीच राहणार नाही बोहल्यावर."

"राहशील की. मी असणारच हाय तितं. तुझ्या नाकासमोर असणार. अंतरपाट मी करते."

वधू-वरांच्या मध्ये मंगलाष्टकं होईपर्यंत धरायचं ते कापड क्रोशाचं करायचं, हे जगात आधी कुणाला सुचलं नसावं. पुढे कळलं की न सुचण्याला चांगलं कारण होतं. पण त्या वेळी मनू हसली, डोळे पुसले, आणि आम्हालाही वाटलं, चला, काहीतरी तोडगा निघाला. जाऊबाई स्वतः येणार नसल्या तरी त्यांच्या हातचं काहीतरी पोरीसमोर असेल.

आणि पाट निम्म्यावर आला असताना दोरा संपला! भाऊजी माळ्यावर चढले, पोतं झटकून आणलं, त्यातून एक झुरळ आणि शेंगदाण्याची टरफलं निघाली. आता मोतिया दोरा आणायला बाजारात जायला हवं, आणि जाऊबाई तर जाणार नाहीत. मग मी गेले. आणला तो पिवळट निघाला. भाऊजी गेले, त्यांनी आणला तो "सरळ सरळ पांढरा" निघाला. मनूचे वडील गेले, ते दोरा विसरून कलिंगड घेऊन आले. चांगल्या चांगल्या दुकानदारांनी मान हलवली. त्या मिलचा तो रंग मिलबरोबरच गेला होता. जाऊबाईंनी आणलेल्या सगळ्या गुंड्या खिडकीच्या फटीतल्या उजेडात धरून पाहिल्या आणि परत दिल्या. "निम्मा पाट एक रंगाचा आणि निम्मा दुसऱ्या? पोरीच्या नाकासमोर? छ्या!"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आंबिलीचं भांडं बाहेर आलं नाही. आत गेले. जाऊबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि सिलिंडरचा झगा उसवत होत्या. भाऊजी समोर दोन्ही हात पुढे करून बसलेले, आणि उसवलेला दोरा त्यांच्या मनगटांवर गुंडाळला जात होता. झगा संपला, मग मिक्सरचं झबलं, मग फ्रिजची टोपी. उसवलेला दोरा कुरळा होतो, म्हणून तो धुऊन, खाली ओझ्याला लाटणं बांधून दोरीवर वाळत घालायचा. आठवडाभर त्या घरात जिकडेतिकडे लाटणी लोंबत होती आणि आम्हाला पोळ्या बरणीने लाटाव्या लागल्या. एकेका उन्हाळ्याचं काम एकेका दुपारी सुटत गेलं. मी म्हटलं, "अक्का, अहो, टीव्हीची झालर तरी ठेवा. चार महिने लागले होते तुम्हाला." त्या म्हणाल्या, "टीव्हीचं काय लग्न हाय व्हय?" शेवटी रिमोटचा स्वेटरही गेला आणि भाऊजींना कित्येक वर्षांनी बातम्या दिसल्या. एवढी वाईट बातमी होती म्हणे, की त्यांनी परत कीर्तनच लावलं. घरात फक्त भाऊजींची टोपी उरली, कारण ती अकलूजला जायची होती.

अंतरपाट झाला, आणि काय झाला म्हणून सांगू! कमळं, कमळांना देठ, देठांना पानं, चारी बाजूंनी झालर. घडी घालून, हळदीकुंकू लावून जाऊबाईंनी तो माझ्या हातात दिला. उंबऱ्याच्या आतून मनूच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि दार लावून घेतलं. गाडीत मनू गल्ली संपेपर्यंत मागे बघत होती.

लॉनवर कापडी मांडव, वरून ऊन पाझरतंय, कूलर गरम वारा फेकताहेत. भाऊजी टोपी घालून, मोबाईल उंच धरून सगळ्यांत पुढे उभे, आणि मोबाईलमध्ये जाऊबाई, शाल पांघरून. गुरुजींनी अंतरपाट मागितला. घडी उलगडली, दोन्ही हातांनी वर धरली, आणि पाटातून त्यांना पलीकडचा नवरदेव दिसला. नवरदेवाने गुरुजींना नमस्कार केला.

"हे काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

"अंतरपाट," मी म्हटलं.

"अहो ताई, यातून नवरदेवाच्या मिशा मोजता येतायत! मध्ये आड पाहिजे म्हणून अंतरपाट. ही तर खिडकीची जाळी झाली."

आणि तेव्हा, अगदी तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कापडाच्या गावची आम्ही माणसं, भाऊजींच्या टकलावर कमळ उगवलेलं डोळ्यांनी पाहिलेलं, पण जाळीतून आरपार दिसतं हे महिनाभरात आमच्या एकाच्याही मनात आलं नव्हतं. मांडवात खसखस पिकली. मोबाईलमधून जाऊबाई गरजल्या, "गुरुजी, जाळी न्हाई ती! कमळं हायत!" विहीणबाई पांढरं उपरणं घेऊन पुढे आल्या, चांगल्या मनानेच. पण मनूने हात आडवा केला. "मोठी आईचाच पाट. नाहीतर मी अशीच उभी राहते." आणि उभी राहिलीही. मुहूर्त जवळ आला. गुरुजी घामाने निथळताहेत. मग मलाच सुचलं. सोलापूरचं वऱ्हाड आणि आहेरात चादरी नाहीत असं कधी होत नाही. मी पुड्यातून एक दणकट चादर ओढून काढली आणि पाटाच्या मागे धरायला लावली. नवरदेवाच्या बाजूने लाल मोर, मनूच्या बाजूने मोतिया कमळं. ती जाड चादर धरणाऱ्या दोघा मामांची पाच मंगलाष्टकांत काय दशा झाली ते त्यांनाच विचारा.

मोबाईलमधून सूचना चालूच होत्या, "डावा कोपरा वर धरा, झालर लोळायलीय!" गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं. सगळ्यांनी अक्षता मुठीत घेतल्या. "सावधान!" म्हणायला आणि भाऊजींच्या हातातला मोबाईल उन्हाने तापून बंद पडायला एकच गाठ पडली. पाट खाली आला, हार पडले, वाजंत्री वाजली, आणि भाऊजी त्या काळ्या पडद्यावर फुंकर घालत उभे होते. मनूने हार घातल्या घातल्या मान वळवून मोबाईलकडेच पाहिलं.

संध्याकाळी मी फोन केला. जाऊबाईंनी सगळं विचारून घेतलं, जेवणात काय होतं, मनू रडली का. मग म्हणाल्या, "सावधान म्हणाले आन् सगळं काळं झालं बघ. माझी पोरगी हार घालताना मला दिसलीच न्हाई." आणि लगेच पुढे, "असू दे. कुणी चक्कर येऊन पडलं तर न्हाई ना?" मी न्हाई म्हटलं.

आम्ही रात्रीच परतलो. मांडव परतणीला मनू आणि जावई दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि अकलूजहून निघता निघता त्यांना व्हायचा तो उशीर झालाच. भर दुपारी मनूचा फोन आला, पोहोचतोय म्हणून. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, तोंडाशीच उतरावं लागतं. मी वरच्या गॅलरीत आले आणि खाली कडी वाजली. आधी मला खरंच वाटेना. जाऊबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. नवी साडी, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या, आणि अंबाड्यावर भाऊजींची टोपी! त्यांनी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि त्या पांढऱ्याफेक उन्हात चालायला लागल्या. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. वकीलसाहेब तर बाहेरच आले, तेही टोपी न घालता. मी स्वयंपाकघरात पळाले, हाताला लागला तो कांदा उचलला, आणि कांदा मुठीत घेऊन जिना उतरले.

"अक्का, आत चला! ऊन लागेल!"

"लागू दे की," त्या म्हणाल्या. "आज काय तिचा मांडव न्हाई. आज पडले तर बघू दे सगळ्यांनी माझ्याकडं."

गाडी आली. मनू उतरली, आणि दाराला हात तसाच ठेवून उभी राहिली. टोपीच्या कडेतून ऊन गळून जाऊबाईंच्या तोंडावर, गळ्यावर, नव्या साडीवर सगळीकडे कमळं पडली होती. "मोठी आई," एवढंच म्हणून मनू हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. जाऊबाईंनी दोघांवरून तुकडा ओवाळून टाकला, जावयाच्या पायांवर पाणी घातलं, आणि हुकूम सोडला, "पाट काढा. धरा हितंच." मग काय, मनूने बॅगेतून पाट काढला आणि भर रस्त्यात एक टोक मागोमाग आलेल्या भाऊजींनी धरलं आणि दुसरं मी, एका हातात पाट आणि एका हातात कांदा. अलीकडे मनू, पलीकडे जावई, दोघांना एकमेकांची तोंडं लख्ख दिसताहेत आणि दोघं लाजताहेत. जाऊबाई बाजूला उभ्या राहिल्या, दोघांकडे पोटभर बघून घेतलं. "आता काय तापून बंद पडायचं न्हाई," असं पुटपुटल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "सावधान!" आम्ही पाट खाली सोडला. खिडक्या-खिडक्यांतून टाळ्या पडल्या. आणि बाई पडली नाही. घामाघूम झाली, लालबुंद झाली, पण पडली नाही. कांदा संध्याकाळी पिठल्यात घातला.

पुढे मी त्यांना विचारलं, "अक्का, खरं सांगा, यातून आरपार दिसणार हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं ना?" "आलं नव्हतं कसं? मुद्दाम ठेवली हायत भोकं. पोरीनं बघून घ्यावं की आधी," असं त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते, तेव्हा यावर कुणी विश्वास ठेवू नये.

त्या गोष्टीला वर्ष झालं. यंदाही होळीला जाऊबाईंनी "मृगाला भेटू" म्हणून गल्लीचा निरोप घेतला आणि दार लावलं. घर मात्र अजून उघडंबोडकं आहे. फ्रिज नुसता फ्रिज दिसतो, सिलिंडर नुसता सिलिंडर, बेल नव्या माणसालाही सापडते. रिमोटचं हवं ते बटण पहिल्या झटक्यात लागतं, आणि खरं सांगते, मला ते मुळीच बरं वाटत नाही. पिवळट दोऱ्याच्या त्या गुंड्या मी परत त्यांच्यापुढे नेऊन ठेवल्यात, पण जाऊबाईंनी अजून हात लावलेला नाही. सापशिडी तेवढी चालू आहे.

परवा दुपारी मनूने अकलूजहून फोटो पाठवला. तिने तो अंतरपाट तिकडे खिडकीला लावलाय. गुरुजी खिडकीची जाळी म्हणाले होते ते अगदीच काही चुकीचं नव्हतं. खिडकीतून ऊन आलंय आणि तिच्या घरभर, फरशीवर, पलंगावर, कमळं पसरलीत. मी फोन घेऊन खाली गेले. जाऊबाईंनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि फरशीवरच्या उजेडात आपले खांब मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन... अकरा, बारा..." आणि थांबल्या. परत मागे गेल्या. परत थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांचं मोजणं चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तेरा, अक्का," मी म्हटलं. "आणि मग वळायचं."

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या, चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.